आधी पाणी ओळखा, मग रोप

काचेच्या टाकीत पाण्याखालची बाग लावायची म्हटली की बीडमध्ये पहिला प्रश्न पाण्याचाच येतो. पाणी किती लागेल, कुठून आणणार, आणि बोअरच्या जड पाण्यात हे सगळं जगेल का? हे प्रश्न रास्त आहेत. बरीच वर्षं अशी टाकी सांभाळल्यावर मी एवढं खात्रीने सांगतो की आपल्याकडे ही बाग फुलते, फक्त ती आपल्या पाण्याच्या कलाने लावावी लागते.

या बागेचा कणा म्हणजे स्टेम प्लांट, म्हणजेच खोडाच्या पाणवनस्पती. हायग्रोफिला, रोटाला, लुडविजिया, लिम्नोफिला, बाकोपा ही त्यांतली नेहमीची नावं. तळातून एक सरळ खोड वर येतं, त्याला ठरावीक अंतरावर पेरं असतात, पेराशी पानं आणि पानाच्या बेचक्यात डोळा. माजलगाव, गेवराईकडच्या माणसाला याहून जास्त समजावायची गरज नाही, कारण उसाची रचना अशीच असते. पेर, कांडी, डोळा, बेणं आणि खोडवा हे पाच शब्द ज्याला कळतात, त्याला हे रोप निम्मं कळलेलं असतं. बाकीचं निम्मं मी अनुभवातून शिकलो, ते इथे क्रमाने मांडतो.

१. रोप आणण्याआधी पाणी तपासा

बीड जिल्हा बेसॉल्टच्या काळ्या खडकावर आणि चुनखडी असलेल्या मातीवर वसलेला आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट भरपूर उतरतात. साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, तेच हे पाणी. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं आहे. तुमचं पाणी या दोन आकड्यांच्या कुठे बसतं, हे कठीणपणा मोजायच्या थेंबांच्या किटने घरी कळतं. टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार सांगतो, त्यातला चुना किती हे सांगत नाही.

बहुतेक स्टेम प्लांट पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड वायू घेतात. जड पाण्याचा पीएच ८ च्या आसपास असतो आणि तिथे हा वायू मोकळा फार थोडा राहतो, बाकी सगळा बायकार्बोनेटच्या रूपात अडकतो. काही वनस्पती मात्र थेट बायकार्बोनेटमधून कार्बन काढतात. हायड्रिला, हॉर्नवर्ट आणि इजेरिया त्यांतल्या. त्यांच्या पानांवर कधी कधी पांढरी खरबरीत पुटं दिसतात. तो रोग नाही. पानाने बायकार्बोनेट वापरला आणि चुना बाहेर बसला, त्याची ती खूण आहे.

म्हणून बोअरच्या पाण्यावर सुरुवात करायची तर हायड्रिला, हॉर्नवर्ट, हायग्रोफिला पॉलिस्पर्मा, हायग्रोफिला डिफॉर्मिस, बाकोपा आणि लुडविजिया रेपेन्स घ्या. रोटाला मॅक्रान्ड्रा किंवा रोटाला वालिची यांचा लाल रंग मोहात पाडतो, पण त्यांना मऊ पाणी लागतं. ती पुढे, हात बसल्यावर.

२. पाणी बदलता येतं, फक्त हिशेब करा

माझ्या मते बीडमधला सगळ्यात चांगला पाण्याचा स्रोत छपरावर पडतो. जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. शंभर चौरस फूट गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की नव्वद लिटरच्या वर पाणी मिळतं, म्हणजे दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी भरून वर उरतं. पहिल्या पावसाचं पाणी वाहून जाऊ द्या, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते. पुढचं पाणी झाकणाच्या पिंपात धरा. पावसाचं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, म्हणून ते एकटं वापरू नका, बोअरच्या पाण्यात मिसळा.

हिशेब सोपा आहे. बोअरचा कठीणपणा ५०० असेल आणि एक भाग बोअरमध्ये तीन भाग पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळलं, तर तो १२५ वर येतो. इथे रोटालाही रुजते. पावसाळा संपल्यावर आरओच्या जारवर भागतं. बीड शहराच्या नळाला माजलगाव धरणाचं आणि बिंदुसरेचं पाणी येतं. ते बोअरपेक्षा मऊ असतं, पण दोन दिवस उघडं ठेवून क्लोरीन उडू द्यावं.

३. रोप ओळखताना रंग शेवटी बघा

दुकानदार नाव सांगतो, पण एकाच नावाखाली तीन रोपं विकली जातात. रंग उजेडाने आणि खताने बदलतो, पानाचा आकारही पाण्यावर आणि पाण्याखाली वेगळा असतो. न बदलणारी गोष्ट म्हणजे पेरावरची पानांची मांडणी.

एका पेराला समोरासमोर दोन पानं असतील तर हायग्रोफिला, बाकोपा, लुडविजिया रेपेन्स किंवा रोटाला रोटुन्डिफोलिया. बाकोपाचं पान जाड, देठ नसलेलं आणि रसाळ असतं. आपल्या ओढ्याकाठी पसरणारी नीरब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी, हातात घेतली की ओळख पटते. हायग्रोफिला पॉलिस्पर्माचं पान पातळ, लांबट आणि फिकट हिरवं. नाल्यांच्या कडेला वाढणारा काटेरी तालीमखाना याच कुळातला आहे, पण तो दलदलीतला, टाकीत घालायचा नाही.

पेराभोवती पानांचं कडं असेल तर अजून नीट बघावं लागतं. हायड्रिलाच्या कड्यात तीन ते आठ पानं, काठ दातेरी आणि पान बोटांत धरलं तर खरबरीत लागतं. इजेरियाचं पान मोठं आणि मऊ, बहुधा चार-चारच्या कड्यात. हॉर्नवर्टची पानं दुभंगलेली आणि ताठ असतात आणि त्याला मुळंच नसतात. लिम्नोफिला आणि कॅबोम्बा दोन्ही पिसासारखी दिसतात, पण कॅबोम्बाची पिसं पेराला समोरासमोर दोनच असतात आणि लिम्नोफिलाची पूर्ण कड्यात. लिम्नोफिलाच्या बऱ्याच जातींचं पान चुरगळलं की वासही येतो.

४. नाव पक्कं करायचं असेल तर फूल येऊ द्या

जगभरातल्या मत्स्यप्रेमींनी कितीतरी वर्षं रोटाला रोटुन्डिफोलियाला रोटाला इंडिका म्हणून विकलं आणि विकत घेतलं. दोघींची पाण्याखालची पानं पाहून फसायला होतं. फूल आलं की वाद मिटतो: रोटुन्डिफोलियाला शेंड्यावर गुलाबी तुरे येतात, इंडिकाची फुलं पानांच्या बेचक्यात एकेकटी असतात. वनस्पतिशास्त्रज्ञ नावं फुलांवरूनच ठरवतात. ख्रिस्तोफर कुक यांनी १९७९ मध्ये रोटाला या प्रजातीची सगळी फेरतपासणी केली, त्यांचं भारतातल्या पाणवनस्पतींवरचं पुस्तक १९९६ मध्ये आलं. आपल्या भागासाठी प्रा. व्ही. एन. नाईक यांची १९९८ ची दोन खंडांची मराठवाड्याची वनस्पतिसूची आहे. ग्रंथालयात मिळाली तर जरूर चाळा. आपल्या तळ्यांच्या काठी काय उगवतं याचा तो पक्का आधार आहे.

फूल आणायला टाकी लागत नाही. पारदर्शक डबीत बोटभर ओली माती, त्यात दोन कांड्या, वर झाकण आणि खिडकीतला उजेड. रोप पाण्याबाहेर वाढायला लागतं आणि पुढे फुलतं. या डबीचा दुसरा, त्याहून मोठा उपयोग शेवटाकडे सांगतो.

५. पाण्यात ठेवलेलं सगळंच पाण्यातलं नसतं

लकी बांबू, सिंगोनियम, जांभळ्या पानांचा हेमिग्राफिस, गवतासारखा मोंडो ही कुंडीतली झाडं फिशटँकसाठी म्हणून सर्रास विकली जातात. ती महिना-दीड महिना तग धरतात, मग कुजून पाणी नासवतात. परीक्षा अशी: पानावर मेणचट चकाकी असेल, पान वाकवलं तर कडक लागत असेल आणि खोड कागदी किंवा काष्ठासारखं असेल, तर संशय घ्या. खऱ्या पाणवनस्पतीचं पाण्याखाली वाढलेलं खोड बाहेर काढलं की लोंबतं, कारण त्यात हवेच्या पोकळ्या असतात आणि ताठ राहायचं काम पाणी करतं.

ही खूण दर वेळी पुरत नाही. मोठ्या रोपवाटिका स्टेम प्लांटसुद्धा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात, कारण तिथे शेवाळ लागत नाही. अशी रोपं ताठच असतात. तेव्हा ताठपणा दिसला तर जातीचं नाव विचारा आणि पेरावरची मांडणी जुळवून बघा.

६. निरोगी रोपाचा शेंडा बोलतो

पुणे, मुंबई किंवा छत्रपती संभाजीनगरहून पार्सल आलं की मी आधी शेंडा बघतो. शेंड्याची कोवळी पानं घट्ट, सरळ आणि खालच्या पानांपेक्षा थोडी उजळ असावीत. पिळवटलेला, काळवंडलेला किंवा पांढरा पडलेला शेंडा म्हणजे वाढ थांबलेली. मग कांड्या बघतो. दोन पेरांमधलं अंतर सारखं असावं. लांबच लांब कांड्या म्हणजे रोपाला उजेड कमी पडला होता. त्यानंतर खोड दोन बोटांत हलकं दाबतो. मऊ, पिचपिचीत लागलं तर तिथून खाली कुजलेलं आहे.

जुडीच्या बुडाला शिशाची पट्टी किंवा रबर असतो. तो लगेच काढा. त्याखालचा भाग बहुतेक वेळा दबून कुजलेला असतो, तेवढा पेराखालून स्वच्छ कापून टाका. पांढरी कोवळी मुळं चांगली, तपकिरी आणि वास येणारी काढून टाकावीत. खालच्या एक-दोन पेरांची पानं गेलेली असतील तर चिंता नको. शेंडा चांगला आणि दोन-तीन पेरांचे डोळे शाबूत असले की रोप घेण्यासारखं आहे.

टाकीत सोडण्याआधी गोगलगायी आणि त्यांची चिकट अंडी घालवण्यासाठी तुरटीच्या पाण्यात काही तास किंवा पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवून, मग साध्या पाण्याने दोनदा धुतो. हॉर्नवर्टसारखी नाजूक पानं परमँगनेट सोसत नाहीत. त्यांना तुरटीच बरी.

७. पहिल्या महिन्यात पानं गळतात, गळू द्या

बाहेर वाढलेलं रोप पाण्यात आलं की जुनी पानं वितळल्यासारखी होतात. ती हवेतून वायू घ्यायला बनलेली असतात, पाण्यात निकामी ठरतात. दोन ते चार आठवड्यांत शेंड्यातून नवी, पातळ, बहुधा अरुंद पानं येतात. हायग्रोफिला डिफॉर्मिसमध्ये हा फरक थक्क करतो. हवेतलं पान साधं, पाण्यातलं पान खोलवर चिरलेलं. या काळात सडलेली पानं रोज काढा, पण खोड उपटू नका. शेंडा हिरवा आहे तोवर रोप जिवंत आहे.

८. मातीवर लिंबू पिळून बघा

आपली काळी कपाशीची माती खताची अन्नद्रव्यं धरून ठेवते, म्हणून मुळांसाठी ती सोन्यासारखी आहे. पण तिच्यात चुनखडीचे खडे असतात आणि ढवळली तर पाणी दिवसेंदिवस गढूळ राहतं. माती चाळून, खडे वेचून, दोन-तीन वेळा भिजवून वाळवून घ्या. तळात एक ते दीड इंच माती आणि वर तेवढाच धुतलेल्या जाड वाळूचा थर. अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ च्या पुस्तकातून अशा मातीच्या टाक्या जगभर पोचवल्या. आपल्याकडची माती त्यासाठी शेतातच पडलेली आहे, फक्त ती रासायनिक तणनाशक मारलेल्या वावरातली नको.

वाळू आणि दगडावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर त्यात चुना आहे, तो पाणी आणखी जड करणार. काळ्या बेसॉल्टला फेस येत नाही. तो निर्धास्त वापरा.

९. एकेक कांडी वेगळी लावा

जुडी जशीच्या तशी खोचली तर मधल्या कांड्यांना उजेड मिळत नाही आणि बुडाशी कूज धरते. बेणं निवडल्यासारखी चार-सहा इंची शेंड्याची कांडी घ्या, खालच्या दोन पेरांची पानं काढा आणि ती दोन्ही पेरं वाळूत जातील अशी तिरपी खोचा. मुळं पेरातूनच फुटतात. दोन कांड्यांत बोटभर अंतर ठेवा. लांब चिमटा असला तर काम सोपं होतं. उंच वाढणारी मागे, बुटकी पुढे. हॉर्नवर्ट पुरू नका, ते तरंगत ठेवा किंवा दोऱ्याने दगडाला बांधा.

सुरुवातीलाच टाकीचा निम्म्याहून जास्त तळ वेगाने वाढणाऱ्या रोपांनी भरा. शेवाळाला थोपवायचा हाच माझ्या पाहण्यातला सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, कारण पाण्यातलं अन्न रोपं आधी खाऊन टाकतात.

१०. खत कृषी सेवा केंद्रात आहे

पाणवनस्पतींसाठी परदेशी बाटल्या महाग मिळतात. त्यांत जी मुख्य द्रव्यं असतात, ती आपले शेतकरी ठिबकमधून रोज सोडतात. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, ०:०:५० म्हणजे पोटॅशियम सल्फेट. एका लिटर पाण्यात १० ग्रॅम विरघळवून प्रत्येकाची वेगळी बाटली करा आणि बाटलीवर नाव लिहा.

शंभर लिटरच्या टाकीचा हिशेब असा. १३:०:४५ चा एक ग्रॅम, म्हणजे बाटलीतले १०० मिलिलिटर, लिटरला सुमारे ६ मिलिग्रॅम नायट्रेट आणि ४ मिलिग्रॅम पोटॅशियम देतो. ०:०:५० चा एक ग्रॅम साडेचार मिलिग्रॅम पोटॅशियम देतो. ०:५२:३४ मात्र दशांश ग्रॅम, म्हणजे १० मिलिलिटरच पुरे. त्यातून ०.७ मिलिग्रॅम फॉस्फेट मिळतं. हा डोस आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यावर. शेताजवळच्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आधीच असू शकतं. तिथे १३:०:४५ ऐवजी ०:०:५० वापरा. कॅल्शियम नायट्रेटची आपल्याला गरज नाही, कॅल्शियम पाण्यातच ओसंडतंय.

लोह वेगळं द्यावं लागतं. ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोह जड, अल्कधर्मी पाण्यात लवकर निकामी होतं. मोसंबीच्या बागेत चुनखडीच्या जमिनीसाठी वापरतात ते ईडीडीएचए लोह टिकतं. चिमूटभर पुरतं, आणि पाण्याला तांबूस छटा येते, तिचं भय नको. लोह आणि फॉस्फेट एका बाटलीत मिसळू नका, साका बसतो.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: युरिया, डीएपी, १२:६१:० आणि १९:१९:१९ टाकीत कधीही नको. यांतून अमोनिया येतो. पीएच ७ च्या पाण्यापेक्षा ८ च्या पाण्यात त्याचा विषारी भाग दहापटीच्या घरात जातो. आपल्या पाण्यात मासे एका रात्रीत मरतील.

११. दुखणं जुन्या पानावर की नव्या, एवढं आधी बघा

नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम ही द्रव्यं रोप जुन्या पानातून काढून नव्या पानाला देतं. म्हणून त्यांची कमतरता खाली दिसते. जुनं पान सगळं पिवळं पडलं तर नायट्रोजन कमी. जुन्या पानाला टाचणीएवढी भोकं पडून कडा पिवळ्या झाल्या तर पोटॅशियम कमी. हायग्रोफिलावर ही खूण सगळ्यात आधी उठते आणि बोअरच्या पाण्यात हीच उणीव मला सगळ्यात जास्त दिसली आहे.

लोह, कॅल्शियम आणि बोरॉन जुन्या पानातून हलत नाहीत. त्यांची कमतरता वर दिसते. नवं पान फिकट आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह द्या. एका वेळी एकच खत बदला आणि दोन आठवडे थांबा. बिघडलेलं जुनं पान पुन्हा हिरवं होत नाही, त्याच्याकडे बघून औषध वाढवत जाऊ नका. नवा शेंडा कसा येतो ते बघा.

१२. उजेड आवरा, कार्बन नंतर

नव्या टाकीला रोज ६ तास उजेड पुरतो, रोपं रुजल्यावर ८ तास. पांढरा ६५०० केल्विनचा एलईडी चांगला, लिटरमागे साधारण २० ते २५ लुमेन धरावेत. थेट ऊन टाकीवर नको. शेवाळ वाढलं तर आधी तास कमी करा.

लाल रोपं आणि दाट गालिचा हवा असेल तेव्हा कार्बन डायऑक्साइडचा विचार करा. साखर किंवा गूळ आणि यीस्टची बाटली स्वस्त पडते, पण उन्हाळ्यात ती भराभर आंबून संपते आणि हिवाळ्यात मंदावते. लिंबूसत आणि खाण्याच्या सोड्याची दोन बाटल्यांची जोडणी जास्त आवाक्यात राहते. रात्री वायू बंद ठेवा. अंधारात रोपंही प्राणवायूच घेतात, माशांना तो कमी पडतो.

१३. एप्रिल-मे मध्ये वाढ मागू नका, जगवा

पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा टाकीचं पाणी तिशीच्या पुढे जातं. बहुतेक स्टेम प्लांटना २२ ते २८ अंश मानवतात. गरम पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो: २५ अंशांना लिटरमध्ये सव्वाआठ मिलिग्रॅम, तर ३२ अंशांना सव्वासातच्या आसपास. टाकीवर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. उडालेल्या पाण्याच्या जागी पावसाचं किंवा आरओचं पाणी घाला. बोअरचं घातलं तर क्षार साठत जातात, कारण बाष्प उडतं, क्षार मागेच राहतात. या दोन महिन्यांत खत निम्मं, उजेड ६ तास, आणि छाटणी गरजेपुरतीच.

१४. खोडवा राखा

शेंडा पाण्याच्या वर पोचण्याआधी कापा. पृष्ठभागावर पसरलेला शेंडा खालचा उजेड अडवतो आणि बुडाची पानं गळतात. छाटणीच्या दोन रीती आहेत. शेंडे कापून घ्यायचे आणि बुडखे जागीच ठेवायचे. पेरांच्या डोळ्यांतून प्रत्येकी दोन फुटवे येतात आणि झुडूप दाट होतं. हा झाला खोडवा. दोन-तीन खोडव्यांनंतर बुडखे दमतात, फुटवे बारीक येतात. तेव्हा दुसरी रीत: बुडखे उपटून टाका आणि चांगले शेंडे नव्याने लावा. काप नेहमी पेराच्या थोडा वर, धारदार कात्रीने. एका दिवशी सगळी टाकी भादरू नका, नाहीतर पाण्यातलं अन्न खायला कुणी उरत नाही आणि शेवाळ उठतं.

१५. दुष्काळी वर्षासाठी टाकी आधीच तयार असावी

मांजरा धरण आपल्या जिल्ह्यातल्या धनेगावचं. ते आटल्यावर २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. २०१५ मध्ये परळीचं औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद पडलं होतं. अशा मुलखात छंदालाही पाण्याचा हिशेब द्यावा लागतो, आणि तो देता येतो.

भरपूर रोपं आणि मोजके मासे ठेवले तर रोपंच पाणी साफ करतात. जड पाण्यात गप्पी, मॉली, प्लॅटी मजेत राहतात. ६० लिटरच्या टाकीतलं पाव पाणी बदललं तरी १५ लिटरच लागतं, आणि तेही वाया जात नाही. माशांच्या विष्ठेचं ते पाणी मी कुंड्यांना घालतो, झाडं तरारून येतात. टंचाई वाढली की महिन्यातून एकदाच बदलतो आणि खाद्य निम्मं करतो.

पाणी अगदीच नसेल तर चौथ्या धड्यातली झाकणाची डबी कामाला येते. हायग्रोफिला, रोटाला, लुडविजिया, बाकोपा ही मुळात काठावरची, पाणी चढलं की बुडणारी आणि उतरलं की उघडी पडणारी झाडं आहेत. कपभर पाण्यात भिजवलेल्या मातीत त्यांचं बेणं उन्हाळाभर टिकतं. आपल्या तळ्यातला हायड्रिला तर गाळात गाठी ठेवून कोरड्या दिवसांतून पार पडतो. प्रत्येक जातीच्या दोन-तीन कांड्या अशा डबीत कायम ठेवा. टाकी फुटली, वीज गेली, पाणी तुटलं, तरी बाग पुन्हा उभी राहते.

१६. उरलेलं बेणं नदीत टाकू नका, माणसांना द्या

छाटणीतून दर वेळी मूठभर शेंडे उरतात. ते सिंदफणेत, बिंदुसरेत किंवा गावतळ्यात टाकू नका. इजेरिया आणि कॅबोम्बा अमेरिका खंडातून आलेल्या आहेत, उघड्या पाण्यात त्या हाताबाहेर जातात. जलपर्णीने नद्यांचं काय केलं ते आपण बघतोच. उलट, आपली हायग्रोफिला पॉलिस्पर्मा आणि लिम्नोफिला सेसिलिफ्लोरा अमेरिकेत कायद्याने घातक तण ठरल्या आहेत. एका देशातलं साधं रोप दुसऱ्या देशात संकट होतं. टाकायचंच असेल तर उन्हात कडकडीत वाळवून कंपोस्टात घाला. आणि तळ्याकाठून रोप आणायचं झालं तर मुळासकट उपटू नका, एक शेंडा खुडा. तेवढ्यावर तुमची टाकी भरेल आणि तळंही तसंच राहील.

त्याहून चांगलं म्हणजे शेंडे ओल्या कागदात गुंडाळून शेजारच्या मुलांना द्या, शाळेला द्या. काचेच्या बरणीत वाळू, चार कांड्या हायग्रोफिला आणि दोन गप्पी एवढ्यावर जीवशास्त्राचे कितीतरी तास जिवंत होतात: पानावर बुडबुडे का येतात, डोळा कसा फुटतो, जड पाणी म्हणजे काय.

नवीन माणसाने सुरुवात जूनमध्ये करावी. पावसाचं पाणी मिळतं, हवा उतरते आणि उन्हाळा यायच्या आत रोपांना आठ-नऊ महिने मिळतात. हायग्रोफिला, बाकोपा आणि हॉर्नवर्ट एवढ्या तीनच जाती घ्या, पहिले दोन महिने मासे कमी ठेवा आणि रोज फक्त शेंडे बघा. शेंडा सरळ आणि टवटवीत येत असेल तर काहीही बदलू नका.